मेथीची वाट

“ये बाग़ है या जलेबी?”

अव्वल तालुकदारसाहेब बंगल्याच्या गच्चीवर उभे होते. मी खाली मैदानात. हातात जरीब, म्हणजे जमीन मोजायची साखळी. पायाखाली माझी तीन आठवड्यांची मेहनत, पांढऱ्या फक्कीने आखलेली. वरून ती कशी दिसते हे मला दिसत नव्हतं. साहेबांना दिसत होतं.

“जलेबी भी हलवाई की नहीं,” ते म्हणाले, “किसी अनाड़ी की.”

शेजारी पेशकार उभे होते. साहेबांचे कागद आणि साहेबांचा मान, दोन्ही सांभाळणं हे त्यांचं काम. साहेब हसायच्या आधी ते हसत नसत. मग साहेब हसले, पेशकार हसले आणि मी साखळी गोळा करायला लागलो.

ही गोष्ट निजामाच्या अमलातली, आदिलाबादची. मी तामीरात खात्यात, म्हणजे आजच्या बांधकाम खात्यात, नक्शानवीस होतो. नक्शानवीस म्हणजे ड्राफ्ट्समन. वय चोवीस. पूल, मोऱ्या, चावड्या यांची ड्रॉइंग काढायची, एवढंच मला येत होतं. बाग हा माझा विषय नव्हता. पण अव्वल तालुकदार म्हणजे आजच्या कलेक्टरपेक्षा दोन बोटं वरच. त्यांनी बोट दाखवलं की विषय आपला व्हायचा.

या बागेबद्दल आमच्या घरात, नातेवाइकांत आणि खात्याच्या फायलीत आजवर जे सांगितलं गेलं, ते मीच सांगितलेलं आहे. त्यातलं बरंचसं खरं आहे. जे खरं नाही, ते दुरुस्त करायला हे लिहितो आहे. वय झालं, पण डोकं अजून ठिकाणावर आहे.

झालं होतं असं. हैद्राबादचे एक वयोवृद्ध नवाबसाहेब दसऱ्यानंतर दौऱ्यावर येणार होते. गुडघे गेले तसा त्यांचा शिकारीचा शौक सुटला होता आणि फुलांचा लागला होता. पेशकारांनी बातमी काढली की ताटवे आणि कारंजी पाहून नवाबसाहेब आता जांभया देतात. तालुकदारसाहेबांनी कुठल्याशा विलायती मासिकात शंखासारखी वळत वळत आत जाणारी बाग पाहिली होती. ते पान त्यांनी माझ्यापुढे टाकलं.

“ऐसा चाहिए. और इसमें जादू चाहिए.”

“जादू, हुज़ूर?”

“आदमी चलता जाए और फूल खिलते जाएँ. आँखों के सामने.”

“जी हुज़ूर,” मी म्हणालो. आमच्या खात्यात हे दोन शब्द ड्रॉइंगच्या आधी यायचे.

कचेरीत महिने फसली, म्हणजे निजामी महसुली वर्षाचे, चालायचे. कचेरीच्या भिंतीवर अमरदाद होता, आमच्या घरी ज्येष्ठ. नवाबसाहेब आजूरमध्ये, म्हणजे आश्विनात यायचे होते. हातात चार महिने. त्यातला जवळजवळ एक जिलेबीत गेला.

आता ही अडचण काय होती ते सांगतो. अशी वळत जाणारी रेघ कागदावर सोपी असते. कंपास घ्यायचा, अर्धी वर्तुळं जोडत जायची. कागदावर चूक झाली तर ती केसाएवढी. तीच जमिनीवर हातभर होते. सेंटर दर अर्ध्या फेरीला सरकवायचं, साखळी कधी ताणते, कधी सैल पडते, आणि मध्ये पाऊस येऊन फक्की धुऊन जातो. दोन रेघांमधलं अंतर सगळीकडे सारखं हवं. माझं एका जागी आठ फूट होतं आणि एका जागी माणूस आडवा होऊनसुद्धा गेला नसता.

आता सारजाबाई. बंगल्याचं मैदान सरकारी, पण विहिरीकडचा तुकडा ती कसायची. वांगी, मेथी, भेंडी, दोडके. बंगल्याला रोजची भाजी द्यायची आणि उरलेली बाजारात नेऊन विकायची. आधीच्या कुठल्या तालुकदाराने तिच्या नवऱ्याला तोंडी सांगितलं होतं, कर बाबा. कागद नव्हता. नवरा गेला, तालुकदार बदलले, सारजाबाई करत राहिली. वय पस्तीस-छत्तीस, आवाज विहिरीच्या रहाटासारखा. मैदानाच्या ऐन मध्यावर एका जुन्या तेलघाण्याची उखळ जमिनीत पुरलेली होती. एका माणसाच्या कवेत न मावणारं जाड लाकूड. घाणा कधीच मोडला होता. त्या लाकडाला सारजाबाई तिची म्हैस बांधायची. म्हशीचं नाव चंद्री.

जिलेबीच्या दुसऱ्या दिवशी सकाळी मी मैदानात गेलो तर चंद्री लाकडाला नाक लावून हंबरत होती. फिरून फिरून सगळा दोर तिने लाकडाभोवती गुंडाळून टाकला होता. ओल्या गवतात तिच्या खुरांची वाट उमटली होती. मी ती वाट बघितली आणि माझ्या हातातली साखळी गळाली. बाहेरून आत, वळत वळत, प्रत्येक फेरीला सारखं अंतर सोडत गेलेली वाट. मी तीन आठवड्यांत जे काढू शकलो नाही ते म्हशीने एका सकाळीत काढलं होतं.

“सारजाबाई! हे कसं केलं हिने?”

“काय केलं? गवत तुडवलं, आजून काय,” सारजाबाई दोर सोडत म्हणाली. “रोजचंच हाये हे. दोर गुंडाळत जाते तशी ते जवळ येत जाते. पातळ खुंटाले बांधली तं दिवसभर फिरते. या जाड्याले बांधली का लवकर बसते.”

हे ती वांग्याला पाणी द्यायला जाता जाता बोलली. मी तिथेच बसलो आणि काडीने चिखलात हिशेब केला. दर फेरीला दोर लाकडाच्या घेराएवढा कमी होतो. म्हणजे दोन रेघांमधलं अंतर नेमकं लाकडाच्या घेराएवढं राहणार. मी धावत जाऊन दोरी लावली. उखळीचा घेर सहा फूट. तीन फूट वाट, तीन फूट ताटवा. घाणा करणाऱ्या सुताराने जणू माझ्यासाठीच मोजून ठेवलं होतं.

त्याच दुपारी आम्ही आखणी केली. लाकडाला दोर बांधून, तो ताठ धरून मी गोल चालायचं. सारजाबाई मागून. तिच्या हातात भोक पाडलेलं मडकं, मडक्यात राख. राखेची रेघ मागे पडत जायची. सहा फेऱ्या. चौथ्या फेरीला मला गरगरायला लागलं. सहाव्या फेरीला मैदान, बंगला, विहीर सगळं माझ्याभोवती फिरत होतं. मी लाकडाला मिठी मारली आणि खाली बसलो.

“काऊन, साहेब? चंद्री तं कदी पडली नाई,” सारजाबाई म्हणाली, आणि तिला हसू आवरेना. मलाही. दोघं राखेने पांढरे झालेलो आणि पोट धरून हसत होतो. गच्चीवर तालुकदारसाहेब आले. त्यांनी खाली पाहिलं. गच्चीच्या या टोकापासून त्या टोकापर्यंत जाऊन पुन्हा पाहिलं.

“माशा-अल्लाह,” ते शेवटी म्हणाले. “ये हुआ न.”

जादू बाकी होती. त्यासाठी फूल गुलबक्षीचं ठरलं. गुलबक्षी दिवसा मिटलेली असते, उन्हं कलली की उमलते. माझा विचार असा, की नवाबसाहेबांना नेमक्या उमलायच्या वेळी आत न्यायचं.

“सगळ्या एकदमच उमलतीन मंग,” सारजाबाई म्हणाली. “तुमाले तं एकामागून एक पायजे नं?”

“हो. पण फुलांना हुकूम कोण देणार?”

“हुकूम काऊन द्या लागते? फसवायचं त्याइले. चिचेच्या झाडाखाली माह्या दोन गुलबक्ष्या हायेत. उन्हातल्या मिटून राहतात तवा त्या उमलून बसतात. आभाळ आलं तरी तसंच. त्याइले वाटते, झाली संध्याकाळ.”

आम्ही तिच्या कुंपणावरच्या सहा झाडांवर प्रयोग केला. दोन झाडं बाराला टोपलीखाली झाकली, दोन दोनला, दोन उघडी. बुडाशी गार पाणी. चार वाजता मी कचेरीचं घड्याळ घेऊन समोर मांडी घालून बसलो. टोपल्या काढल्या. आधी पहिल्या जोडीची कळी सैल झाली, मग पाकळी सुटली, मग गुलाबी छत्री उघडावी तसं फूल उघडलं. त्यामागून दुसरी जोडी. उघड्या झाडांनी आणखी वेळ घेतला. यामागचं शास्त्र मला आजही माहीत नाही. मी जे पाहिलं ते लिहितो आहे. मी उठून चंद्रीच्या पाठीवर थाप मारली आणि ओरडलो, “सारजाबाई, जादू!”

“जादू कायची? टोपली हाये ते.”

त्या दिवशी तिने विषय काढला. टोपल्या एकात एक घालत, माझ्याकडे न बघता.

“साहेब, एक काम होतं. या बागेत माहा अर्धा तुकडा गेला. जाऊ द्या, सरकारचाच होता. पण पेशकार म्हणून राह्यले का विहिरीकडचाही घेतीन. तिथं काय ते हिरवं गवत लावतीन म्हणे.”

“मग?”

“मंग मी खाऊ काय? गवत? तुमाले साहेब इचारतीनच, बाग कशी केली म्हणून. तवा सांगा, सारजाबाईनं बी हात लावला. आन एक चिठ्ठी लिहून घ्या त्यायच्याकडून. विहिरीचा तुकडा सारजाबाईकडे राहील. एवढीच एक ओळ.”

“एक ओळ काय, पानभर लिहून घेतो,” मी म्हणालो. “बाग उभी राहू द्या. ही सगळी तुमचीच अक्कल आहे, हे मी स्वतः साहेबांना सांगतो.”

हे मी मनापासून म्हणालो होतो. एवढं तरी माझ्या बाजूने लिहून ठेवतो.

आमचं भांडण झालं ते पाण्यावरून. गुलबक्षी हातभर वाढली तेव्हा माझ्या लक्षात आलं, की विहिरीकडून उखळीपर्यंत सरळ रेषेत, प्रत्येक ताटव्यात दोन हात जागा मोकळी आहे. तिथे गुलबक्षी नाही. तिथे मेथी पेरलेली.

“हे काय आहे?”

“वाट.”

“वाट गोल आहे, सारजाबाई. ड्रॉइंग बघा.”

“ते पाहुण्याची. हे पाण्याची. मधल्या झाडाले पाणी घालाले मी घागर घेऊन सहा गरके मारत जाऊ? मेथी पायाखाली आली तरी परत उठते. गुलबक्षीच्या फांद्या मोडतीन.”

“लाइन तुटते! साहेबांनी बजावलंय, लाइन कुठेही तुटता कामा नये. उपटा ती मेथी आणि गुलबक्षी लावा.”

तिने कमरेवर हात ठेवले. “आन साहेब, आत गेलेला माणूस बाहेर कोठून येईन?”

“आला तसाच जाईल.”

“सगळे?”

“सगळे.”

“बरं,” ती म्हणाली. तिच्या ‘बरं’चा अर्थ मला तेव्हा कळायला हवा होता. पुढे गुलबक्षी छातीएवढी झाली, दोन्ही बाजूंच्या फांद्या एकमेकींत गेल्या, आणि वरून पाहिलं की लाइन अखंड दिसायला लागली. मला वाटलं, उपटली मेथी. मी खाली वाकून पाहिलं नाही.

नवाबसाहेब आले तो दिवस असा होता, की आजही आठवला की आधी हसू येतं आणि मग लाज वाटते.

सकाळपासून बुरूडआळीतल्या झाडून सगळ्या टोपल्या मैदानात. बाहेरच्या फेऱ्या बाराला झाकल्या, मधल्या दोनला, आतल्या उघड्या. बंगल्याचे शिपाई, माळी, खानसामा, धोबी सगळे टोपल्या घेऊन गोल गोल धावत होते आणि एकमेकांवर आपटत होते. पेशकारांनी स्वतःच्या अकलेने निर्मळहून एक लाकडी मोर मागवला होता, रंगवलेला, हातभर उंच. तो मधल्या उखळीवर ठेवला. पेशकारांच्या मते खरी जादू म्हणजे तो मोर.

चारनंतर टोपल्या निघाल्या. नवाबसाहेब आले. पांढरी दाढी, बारीक काठी, डोळे लहान मुलासारखे. त्यांच्या मागे अर्धं पाऊल तालुकदारसाहेब, मग पोलिसांचे मोहतमिम, म्हणजे आजचे एस. पी., मग तहसीलदार, डॉक्टर, वकील, पेशकार. हुद्द्याप्रमाणे ओळ. बावीस माणसं. सगळ्यात शेवटी मी, कारण सगळ्यात कमी हुद्दा माझा.

वाट तीन फूट रुंद. एकामागे एकच माणूस. नवाबसाहेबांनी पहिलं पाऊल टाकलं आणि बाहेरच्या फेरीतली गुलबक्षी सैल झाली. ते चार पावलं गेले, आणखी उमलली. ते थांबले. काठी बगलेत धरून त्यांनी दोन्ही हात गालांवर ठेवले.

“अरे भाई, ये तो हमें देखकर खिल रहे हैं!”

ओळीत मागे मागे कुजबुज सरकत आली, “उन्हें देखकर खिल रहे हैं, उन्हें देखकर.” माझ्यापर्यंत पोचली तेव्हा मला रडू येईल असं वाटलं. दुसरी फेरी, तिसरी फेरी. नवाबसाहेब फुलांशी बोलत चालले होते. चौथ्या फेरीला ते गुणगुणायला लागले. मोहतमिमसाहेब, ज्यांना मी कधी दात दाखवताना पाहिलं नव्हतं, त्यांनी एक फूल तोडून स्वतःच्या शेरवानीत खोचलं. सगळ्यांना थोडं थोडं गरगरत होतं आणि सगळे खुळ्यासारखे हसत होते.

नवाबसाहेब उखळीपाशी पोचले. मोराच्या डोक्यावर हात फिरवला. मग आकाशाकडे पाहिलं.

“मग़रिब का वक़्त होने को है. चलिए.”

ते वळले. समोर तालुकदारसाहेब. त्यांच्या मागे मोहतमिम. त्यांच्या मागे आतल्या फेऱ्यांमध्ये बाकीची सगळी ओळ ठासून भरलेली.

इथे एक गोष्ट सांगायला हवी. त्या काळच्या दरबारी रिवाजात वडील माणसाला पाठ दाखवणं म्हणजे बेअदबी. आणि लहान हुद्द्याच्या माणसाने मोठ्याच्या पुढे चालणं त्याहून वाईट. साध्या बागेत हे जमतं. माणसं बाजूला होतात, मोठा पुढे निघतो, बाकीचे मागून. माझ्या बागेत बाजूच नव्हती. बाहेर पडायचं तर सगळ्यांत आधी मी निघायला हवा, मग माझ्या पुढचा, आणि सगळ्यांनी नवाबसाहेबांकडे पाठ करायला हवी.

पेशकार माझ्या लगेच पुढे होते. ते कुजबुजले, “उलटे! सब उलटे चलो!”

बावीस माणसं उलटी चालायला लागली. वळणावर. दोन्ही बाजूंना छातीएवढी झुडपं. डॉक्टरांनी वकिलांच्या पायावर पाय दिला. वकील खाली बसले ते गुलबक्षीतच बसले. तहसीलदारांची दस्तार, म्हणजे दरबारी पगडी, फांदीला अडकून राहिली. ती घ्यायला पुढे जावं तर चाल उलटी. मोहतमिम बाहेरच्या फेरीतल्या माणसाला “हटो” म्हणत होते आणि तो माणूस झुडपापलीकडून “किधर हुज़ूर?” म्हणत होता. मी दोन फेऱ्या उलटा गेलो आणि मला इतकं गरगरलं की मी परत आतल्या बाजूला चालायला लागलो. पेशकारांच्या पाठीवर माझी पाठ आपटली.

आधी नवाबसाहेब हसत होते. मग त्यांनी उखळीला हात टेकला. गुडघे. त्यांना उभं राहवत नव्हतं, बसायला मोराखेरीज जागा नव्हती, आणि नमाजाची वेळ टळत चालली होती. तालुकदारसाहेबांचा चेहरा मला फुलांच्या वरून दिसला. त्या चेहऱ्यावर माझी नोकरी संपलेली स्पष्ट लिहिली होती.

तेवढ्यात विहिरीकडून रहाटाचा आवाज आला.

“अहो नकाशेवाले साहेब! माणसं उलटी काऊन चालवून राह्यले? मेथीकडून काढा नं!”

मी खाली पाहिलं. झुडपांच्या बुडाशी हिरवीगार मेथी.

सारजाबाई कोपराने फांद्या बाजूला सारत विहिरीकडून सरळ आत आली. सहा ताटवे, सहा वाटा, वीस पावलं नसतील. हातात विळा. ती उखळीपाशी नवाबसाहेबांसमोर जाऊन उभी राहिली. पेशकारांनी डोळे मिटून घेतले.

“या बाबा,” ती म्हणाली. “माह्या मागं मागं या. खाली मेथी हाये, पाय घसरत नाई.”

आणि नवाबसाहेबांना सरळ पाठ दाखवून ती पुढे चालायला लागली.

ओळीतल्या सगळ्यांच्या माना नवाबसाहेबांकडे वळल्या. मग नवाबसाहेब खदखदून हसले. “शुक्र है! किसी ने तो पीठ दिखाई!” ते मेथी तुडवत तिच्या मागून निघाले. त्यांच्या मागून तालुकदारसाहेब, मग बाकीचे, हुद्द्याप्रमाणे, सरळ, तोंड पुढे करून. तुडवलेल्या मेथीचा वास सगळ्या मैदानात पसरला. बावीस माणसं बाहेर आली तेव्हा कोणाच्या दाढीत पाकळ्या, कोणाच्या जोड्यात मेथी. वेळेवर नमाज झाली.

नमाजानंतर नवाबसाहेब खुर्चीवर बसले. अजून हसत होते. डोळे पुसत त्यांनी विचारलं, “फूलों का जादू तो ख़ूब. मगर ये सीधा रास्ता किसने सोचा? वो तो कमाल है.”

सगळ्यांनी माझ्याकडे पाहिलं. बाग माझी, ड्रॉइंग माझं. सारजाबाई माझ्यापासून चार पावलांवर विळ्याचा चिखल पुसत उभी होती.

“मैंने, हुज़ूर,” मी म्हणालो. “पानी के वास्ते.”

उत्तर तर चोरलंच, त्याचं कारणही मी तिचंच वापरलं.

का म्हणालो, याचा विचार मी पुढे पुष्कळ केला. पाव तासापूर्वी माझी नोकरी गेली होती. आता एक मोठा माणूस हसून माझ्याकडे बघत होता. दोन शब्द लागत होते, तोंडातून तेच आले. यापेक्षा चांगलं कारण मला सापडलेलं नाही.

“होशियार आदमी है,” नवाबसाहेब तालुकदारसाहेबांना म्हणाले. “इसे हैद्राबाद भेज दीजिए. और बाई को भी कुछ दे दीजिए.” पेशकारांनी इकडे तिकडे पाहिलं आणि उखळीवरचा लाकडी मोर आणून सारजाबाईच्या हातात दिला. तिने मोराकडे पाहिलं. माझ्याकडे पाहिलं नाही.

एका ओळीच्या चिठ्ठीचं मी उद्या साहेबांना सांगणार होतो. उद्या कैफियत लिहायची होती, म्हणजे कामाचा रिपोर्ट. त्यात मी “पाण्याची व पाहुण्यांच्या परतीची वाट हेतुपुरस्सर ठेवली” असं सुरेख उर्दूत लिहिलं. त्याच्या दुसऱ्या दिवशी प्रमोशनचा हुकूम निघाला. मग सामान बांधायचं होतं. नऊ दिवसांनी मी हैद्राबादला गेलो. विहिरीकडच्या तुकड्यात माघाच्या आत हिरवळ लागली. सारजाबाई म्हैस घेऊन तलमडुगूकडे माहेरी गेली, असं मागाहून कळलं.

पुढे राज्य बदललं, बंगला बदलला. बाग एका उन्हाळ्यात वाळून गेली. पाणी घालायला सहा गरके मारणारं कोणी मिळालं नाही.

निवृत्त होऊन मी आदिलाबादला परत आलो, त्यानंतरची गोष्ट. एका कामासाठी तलमडुगूला गेलो होतो. आठवडी बाजार होता. एका म्हातारीने पोत्यावर भाजी मांडली होती आणि पोत्याच्या कोपऱ्यावर, वाऱ्याने उडू नये म्हणून, एक लाकडी मोर ठेवला होता. रंग सगळा उडालेला. चोच शाबूत.

मी समोर उभा राहिलो. नाव सांगायचं धैर्य झालं नाही. मेथीची एक जुडी उचलली आणि विचारलं, “कशी दिली?”

तिने मान वर करून माझ्याकडे नीट पाहिलं. चष्मा नव्हता, पण नजर तीच.

“तुमाले कशी विकू, नकाशेवाले साहेब?” आवाजही तोच, रहाटाचा. आजूबाजूच्या चार बायकांनी माना वळवल्या. “मेथी तं तुमचीच हाये नं? तुमीच तं लावली होती. पाण्याच्या वास्ते.”

आणि ती हसायला लागली. राखेने पांढरी झाली होती तेव्हा हसली होती, तसंच. मला हसताही येईना आणि तिथून निघताही येईना. ती जुडी तिने माझ्या पिशवीत घातली. मी पुष्कळ म्हटलं, पण तिने पैसे घेतले नाहीत. सारजाबाईला जाऊनही आता बरीच वर्षं झाली.

तेव्हा नोंद अशी: आदिलाबादच्या त्या बागेची आखणी, फुलांची वेळ आणि बाहेर पडायची वाट, तिन्ही सारजाबाई माळणीची. माझं काम दोर धरून गोल चालण्याचं होतं, आणि त्यातही चंद्री माझ्यापेक्षा सरस होती. नव्या ड्राफ्ट्समनना एवढंच सांगतो. आत जाणारी रेघ काढलीत की बाहेर येणारी काढल्याशिवाय सही करू नका. आणि ती दुसऱ्या कोणी सांगितली असेल, तर सही करायला आधी त्याला बोलवा.